आघाताचा साक्षी : पक्षाघाताचे लेखन आणि प्रथमपुरुषी निवेदनाची मर्यादा

एखादी भाषा व्याधीला कोणते नाव देते, यावरून त्या व्याधीकडे पाहण्याची तिची रीत बरीचशी कळून येते. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित झाला, अथवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणजे जे काही घडते त्याला ग्रीकांनी 'अपोप्लेक्सिया' म्हटले. तडाखा बसून कोसळणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला 'स्ट्रोक' हा शब्द त्याच कल्पनेच्या कुळातला असून आरंभी तो ईश्वराच्या हाताचा तडाखा मानला जाई. संस्कृतातील 'पक्षाघात' या शब्दातही आघात आहेच. मात्र आयुर्वेदाने या व्याधीची गणना वातव्याधींत केली. मराठी बोलीने हा दुसरा धागा उचलला आणि त्याला घरगुती रूप दिले. 'अंगावरून वारं गेलं' असे खेड्यापाड्यांत आजही म्हटले जाते. तडाखा मारणारा कोणीतरी असतो, वाऱ्याला असा कर्ता नसतो. पाश्चात्त्य कल्पनेत दडलेला शिक्षेचा सूर मराठी बोलीत बहुतांशी गळून पडला आहे, ही नोंद तौलनिक अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी. तथापि एका बाबतीत ही सर्व नावे सारखीच आहेत. तडाखा असो वा वारा, त्याचे स्थान अंग हेच. अर्धांगवायू म्हणजे अर्ध्या अंगाचा वायू. अंगासोबत जगही अर्धे होऊ शकते, जे उरले तेच पूर्ण वाटू शकते, स्वभाव आणि वर्तन बदलू शकते, याची चाहूल यांपैकी एकाही नावात नाही.

पक्षाघाताविषयीचे साहित्यही दीर्घकाळ या नावांच्याच मागे चालत आले. शरीर निकामी झाले आहे, आत माणूस शाबूत आहे आणि त्या आतल्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट शोधायची आहे, असा या साहित्याचा प्रमुख साचा आहे. हा साचा प्रभावी आहे आणि त्यातून काही थोर लेखन झालेले आहे. परंतु पक्षाघाताचे प्रातिनिधिक चित्र म्हणून तो स्वीकारला गेल्यामुळे वाचनात जो दोष शिरला, त्याची दखल घेतली गेलेली नाही.

या साच्याचे आधुनिक शिखर म्हणजे झाँ-दोमिनिक बोबी यांचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले 'ल स्काफांद्र ए ल पापियाँ', अर्थात 'पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरू'. 'एल' या फ्रेंच नियतकालिकाचे मुख्य संपादक असलेल्या बोबींना ८ डिसेंबर १९९५ रोजी मस्तिष्कस्तंभात आघात झाला. सुमारे तीन आठवड्यांनी शुद्ध आली तेव्हा सर्वांग निश्चल झालेले होते. वाचा गेली होती, उजवी पापणी पुढे शिवून टाकावी लागली. उरली ती डावी पापणी. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावरील बेर्क येथील रुग्णालयात फ्रेंच भाषेतील वारंवारतेच्या क्रमाने लावलेली अक्षरे त्यांना वाचून दाखवली जात; हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. लेखनिका क्लोद माँदिबिल यांच्याजवळ १९९६ च्या उन्हाळ्यात संपूर्ण पुस्तक असे अक्षरशः टिपून घेतले गेले. प्रत्येक परिच्छेद आधी मनात रचावा, पाठ करावा आणि मग सांगावा, अशी ही पद्धत होती. पुस्तक निघाल्यावर दोनच दिवसांनी, ९ मार्च १९९७ रोजी, बोबी निवर्तले. २००७ साली जूलियन श्नाबेल यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाचा आरंभीचा बराच भाग कॅमेरा बोबींच्या डोळ्याच्या जागी ठेवून चित्रित केलेला आहे; पापणी शिवली जाण्याचा प्रसंगही प्रेक्षकाला आतूनच पाहावा लागतो.

बोबींना स्वतःला आपली साहित्यिक वंशावळ ठाऊक होती. अलेक्झांद्र द्यूमा यांच्या 'ल काँत द माँते-क्रिस्तो' (१८४४-४६) या कादंबरीतील वृद्ध न्वारतिए द व्हीलफोर हे पात्र त्यांनी पुस्तकात आठवले आहे. या कादंबरीचे आधुनिक रूप लिहिण्याचा त्यांचा मनसुबा होता, आणि अभिजात कृतीशी खेळल्याची ही शिक्षा तर नव्हे, असा विनोदही ते करतात. शिक्षेची ती जुनी कल्पना येथे थट्टेच्या रूपाने का होईना, परत आलीच. न्वारतिए केवळ डोळ्यांनी बोलतो. डोळे मिटणे म्हणजे होकार, अनेकदा उघडझाप म्हणजे नकार, डोळे वर करणे म्हणजे काही इच्छा आहे. त्याची नात व्हालांतीन मुळाक्षरे म्हणते, अक्षर मिळाले की शब्दकोश उघडते आणि ओळीवरून बोट फिरवत नेमका शब्द गाठते. या साधनाच्या बळावर हा निश्चल म्हातारा नोटरीसमोर मृत्युपत्र करतो आणि मुलाचा डाव उधळतो. द्यूमांच्या जगात इच्छाशक्तीला वाट सापडतेच, कारण ऐकणारा प्रामाणिक आहे.

या आत्मविश्वासाला वीसेक वर्षांनी एमिल झोला यांनी 'तेरेझ राकँ' (१८६७) मध्ये जे उत्तर दिले, ते या सबंध परंपरेतील सर्वांत कठोर स्थळ आहे. लकव्याने मूक झालेल्या मादाम राकँला कळते की, आपली सेवा करणाऱ्या सुनेने, तेरेझने, आणि लोराँनेच आपल्या मुलाचा खून केला. दर गुरुवारी घरी डॉमिनो खेळायला मंडळी जमतात. त्या बैठकीत ती सारे बळ एकवटून मेजावर बोटाने अक्षरे काढू लागते. खुन्यांची नावे उमटतात. वाक्य क्रियापदाशी येते आणि हात गळतो. तेव्हा ग्रिव्हे नावाचा पाहुणा मोठ्या खात्रीने वाक्य पुरे करतो : तेरेझ आणि लोराँ माझी फार काळजी घेतात, असे बाईंना म्हणायचे आहे. सगळे माना डोलावतात. झोलांनी ओळखले होते की, पक्षाघाताच्या प्रसंगात खरी सत्ता वाक्य पुरे करणाऱ्याच्या हाती जाते. बोबींच्या पुस्तकातही ग्रिव्हेचे वंशज आहेत, फक्त निरुपद्रवी. भेटीला येणाऱ्यांपैकी काही जण घाईने शब्द ओळखून मोकळे होतात. चष्मा मागायचा होता म्हणून 'ल्यूनेत' या शब्दाची अक्षरे सुरू केली, तर 'ल्यून' एवढ्यावरच समोरच्याने विचारले, चंद्र कशाला हवा? हा विनोद आहे खरा. पण रोज तोच घडत राहिला तर त्याचे काय होते, हे सांगायला झोलाच लागतो.

येथवर द्यूमा, झोला आणि बोबी यांच्यात एक गृहीत समान आहे. सांगणारा आत पूर्ण आहे. त्याला काय सांगायचे ते माहीत आहे, भाषा शाबूत आहे, स्मृती शाबूत आहे; तुटला आहे तो केवळ मार्ग. वैद्यकात या अवस्थेला 'लॉक्ड-इन सिंड्रोम' हे नाव प्लम आणि पोझ्नर यांनी १९६६ साली दिले. आघात मस्तिष्कस्तंभात होतो, वरचा मेंदू बचावतो, म्हणून बुद्धी अभंग राहते. ही अवस्था दुर्मीळ आहे. सामान्यतः आघात मेंदूच्या गोलार्धात होतो आणि मग ज्या इंद्रियाने स्वतःच्या स्थितीची साक्ष द्यायची, त्या इंद्रियालाच इजा झालेली असते. बोबींचे पुस्तक श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याला पक्षाघाताचा नमुना मानण्याविषयी. शरीर हा पिंजरा आणि मन हे पाखरू, हे द्वैत युरोपीय वाचकाला देकार्तपासून परिचित आहे आणि भारतीय वाचकाला संतवाणीपासून. त्यामुळे दोघांनाही ते पुस्तक ताबडतोब ओळखीचे वाटते. एखादे पुस्तक वाचकाच्या ओळखीचे निघाले म्हणून ते व्याधीचे प्रतिनिधी ठरते असे नाही.

भाषेलाच इजा झाली की प्रश्न अवघड होतो. बहुसंख्य माणसांत भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असतात. तेथील आघाताने उजवे अंग लुळे पडते आणि त्यासोबत वाचाघात येऊ शकतो. शब्द सापडत नाहीत, भलतेच शब्द येतात, किंवा अस्खलित पण अर्थहीन बोलणे वाहू लागते आणि आपले बोलणे दुसऱ्याला कळत नाही हे बोलणाऱ्याला उमजत नाही. हा अनुभव त्याच भाषेत लिहायचा कसा? आर्थर कोपिट या अमेरिकी नाटककारांनी 'विंग्ज' (१९७८) मध्ये ही अडचण रंगभूमीच्या स्वभावाने सोडवली. १९७६ साली त्यांच्या वडिलांना आघात झाला होता आणि पुनर्वसन केंद्रातील रुग्णांचे निरीक्षण त्यांनी केले होते. नाटक प्रथम नभोवाणीसाठी लिहिले गेले, ही बाब गौण नाही. कारण त्याची घडण मुख्यतः ध्वनीची आहे. एमिली स्टिल्सन ही एकेकाळची विमानचालक. उडत्या विमानाच्या पंखांवर चालण्याची कसरत करणारी ही स्त्री आघातानंतर अनोळखी प्रदेशात उतरल्यासारखी भांबावते. डॉक्टरांचे बोलणे तिला, आणि प्रेक्षकालाही, तुटक गोंगाटासारखे ऐकू येते. तिला स्वतःचे बोलणे ठीक वाटते. प्रेक्षकाला मात्र ते विस्कटलेले ऐकू येते. कादंबरीला हे साधणे कठीण, कारण तेथे निवेदक एका बाजूला उभा राहतोच. रंगभूमीवर तसा निवेदक लागत नाही. प्रेक्षक एकाच क्षणी आतही असतो आणि बाहेरही.

याच्या उलट टोकाला जिल बोल्टी टेलर यांचे 'माय स्ट्रोक ऑफ इन्साइट' हे पुस्तक आहे. मेंदूच्या शरीररचनेच्या अभ्यासक असलेल्या टेलर यांना १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, डाव्या गोलार्धात रक्तस्राव झाला. दूरध्वनीचे आकडे आकडे म्हणून ओळखू येईनासे झाल्यावर कागदावरच्या रेघांचा आकार यंत्रावरच्या आकारांशी जुळवत त्यांनी क्रमांक लावला, तो प्रसंग विलक्षण आहे. परंतु पुढे शब्दहीन शांतीचे जे दीर्घ वर्णन येते ते आठ वर्षांच्या प्रयत्नांनी परत मिळवलेल्या, ओघवत्या, व्याख्यान देणाऱ्या भाषेत येते. मौनाचा अनुभव बोलक्या गोलार्धाने सांगितला आहे, आणि सांगताना त्याला बोधाचे रूप दिले आहे. त्या प्रसंगातली आकारांची जुळवाजुळव अधिक विश्वसनीय वाटते ती याच कारणाने. तेथे बोध करून घ्यायला सवडच नव्हती.

तोमास ट्रान्सट्रोमर यांची गोष्ट समीक्षकांना सर्वाधिक मोहात पाडणारी आहे. व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ असलेल्या या स्वीडिश कवीला १९९० साली आघात झाला. उजवे अंग गेले आणि बोलणे थोड्या शब्दांपुरते उरले. डाव्या हाताने ते पियानो वाजवीत राहिले. १९९६ साली 'सोर्येगोंडोलेन', २००४ साली मुख्यतः हायकूंचा असलेला 'देन स्तोरा गोतान' हे संग्रह आले. २०११ साली नोबेल पुरस्कार मिळाला. योगायोग असा की, १९७४ च्या 'ओस्तेर्शोआर' या दीर्घकवितेत त्यांनी उजवे अंग आणि वाचा गमावलेल्या एका संगीतकाराचे चित्र रेखाटले होते. त्या चित्रामागे रशियन संगीतकार विसारिऑन शेबालिन असल्याचे अभ्यासक मानतात. शेबालिन यांनी वाचाघातानंतरही रचना चालू ठेवली, १९६२ साली पाचवी सिम्फनी पूर्ण केली, आणि ल्यूरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. भाषा आणि संगीत यांची मेंदूतील घरे पूर्णतः एक नाहीत, याचे ते प्रसिद्ध उदाहरण ठरले. सोळा वर्षांनी कवीवर तीच वेळ आली, म्हणून त्या कवितेला भविष्यवाणी म्हणण्याची प्रथा पडली. तशीच दुसरी प्रथा म्हणजे उत्तरकालीन कवितेचे लाघव वाचाघाताच्या खाती जमा करणे. ही दुसरी प्रथा सरळ चुकीची आहे. ट्रान्सट्रोमर १९५९ सालीच हायकू लिहीत होते. तरुण कैद्यांच्या संस्थेविषयीचे ते हायकू पुढे २००१ साली प्रसिद्ध झाले. मितभाषिता ही त्यांची निवड आघाताच्या तीन दशके आधीची आहे. आघाताने एवढेच केले की, जी निवड होती तिला पर्याय उरला नाही. आणि एखाद्या कवितेकडे पाहून निवड कोठे संपली व सक्ती कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. चरित्रात्मक समीक्षेने येथे थबकावयास हवे होते. ती थबकली नाही.

तरीसुद्धा वाचाघातात निदान हानीची जाणीव बहुधा असते. शब्द हरवल्याचे दुःख त्याच माणसाला होते. उजव्या गोलार्धातील आघाताने कधीकधी जे घडते, ते प्रथमपुरुषी निवेदनाच्या मुळावरच येते. रुग्णाला डावीकडचे जग उरत नाही. डोळा पाहतो, पण अवधान तिकडे वळत नाही. इंग्रजीत याला 'नेग्लेक्ट' म्हणतात, मराठीत एकपार्श्वी अनवधान म्हणता येईल. हे केवळ समोर दिसणाऱ्या वस्तूंपुरते नसते. एदोआर्दो बिझिआक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी १९७८ साली मिलानमधील दोन रुग्णांना तेथील कॅथीड्रलचा चौक डोळ्यांसमोर आणण्यास सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड करून उभे असल्याची कल्पना केल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे पाहत असल्याची कल्पना करावयास सांगितले, तेव्हा मघाशी वगळलेल्या इमारती आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. स्मृतीत चौक पूर्ण होता. स्मृतीकडे पाहणारी नजर अर्धी होती. स्थलवर्णन, आठवण आणि निवेदकाचा दृष्टिकोन यांवर विचार करणाऱ्या साहित्याभ्यासकाला या दोन पायऱ्यांच्या प्रयोगाइतका उपयुक्त दाखला कथनमीमांसेच्या ग्रंथांतही सापडणे कठीण.

याच्याच जोडीला कधीकधी आपले अंग लुळे आहे हेच रुग्णाला न कळणे असते. बाबिन्स्की यांनी १९१४ साली त्याला 'अनोसोग्नोसिया' असे नाव दिले. हात उचलायला सांगावे, हात हलत नाही, आणि रुग्ण शांतपणे म्हणतो की हात उचलला. हे खोटे बोलणे नव्हे. हा हट्टही नव्हे, किंवा आपत्ती नाकारण्याची मानसिक युक्ती एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे नव्हे. त्याच्यापुरते ते वर्णन खरे आहे. अशा व्यक्तीने प्रामाणिक आत्मकथन लिहिले तर त्यात पक्षाघात असणारच नाही.

ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९८५ च्या 'द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट' या पुस्तकातील श्रीमती एस. यांचे छोटे प्रकरण म्हणूनच बोबींच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. साठीतील ही बाई बुद्धिमान आणि विनोदी आहे. ताटात गोड पदार्थ वाढला नाही म्हणून ती परिचारिकांवर रागावते. तो डावीकडे असतो. ओठ रंगवते ते उजव्या अर्ध्या भागातच. डावीकडे वळणे ही कल्पनाच तिच्यापाशी उरलेली नाही, म्हणून ती चाकाच्या खुर्चीत उजवीकडून संपूर्ण वर्तुळ फिरते, तेव्हा राहिलेल्या अन्नाचा अर्धा भाग दिसतो. पुन्हा फिरली की उरलेल्याचा अर्धा. काय हरपले आहे ते तिला बुद्धीने माहीत आहे, अनुभवाने नाही. या युक्तीत जे धैर्य आहे ते पापणीने पुस्तक लिहिण्याच्या धैर्याहून कमी नाही. मात्र ते दिसण्यासाठी तिच्या बाहेर उभे असलेले कोणी लागते. आतून पाहता तेथे केवळ अर्धपोटी ठेवणारे रुग्णालय आहे.

प्रश्न येथे केवळ वाङ्मयप्रकाराचा राहत नाही. बोबींच्या साच्यावर पोसलेली वाचकाची अपेक्षा घरातल्या रुग्णाकडेही वळते. आतला माणूस जसाच्या तसा आहे असे धरले की मग त्याचे वागणे त्याच्या इच्छेच्या खाती जाते. ताटाची डावी बाजू तशीच ठेवणारे वडील 'मुद्दाम करतात', कारण नसता रडू येणारी आई 'मनाने खचली', सपाट आवाजात बोलणारा भाऊ 'तुटक वागू लागला'. या प्रत्येक वर्तनाला मेंदूतील इजेचा आधार असू शकतो. रडणे किंवा हसणे भावनेवाचून उफाळून येते, स्वरातले चढउतार जातात. साहित्याने पिंजऱ्यातले पाखरू इतके सुंदर रंगवले की, ज्यांच्या बाबतीत पाखरूच बदलले त्यांच्यासाठी सहानुभूतीची भाषा तयार झाली नाही.

मराठी समीक्षेला या प्रश्नाशी स्वतःचे असे नाते आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) पासून मराठीत स्वानुभवाच्या कथनाला जी प्रतिष्ठा मिळाली ती न्याय्य होती; ज्यांच्याविषयी इतरांनीच बोलावे अशी शतकांची रीत होती, त्यांनी स्वतः बोलणे हे ज्ञानाचेही पाऊल होते आणि न्यायाचेही. 'ज्याचे त्यानेच सांगावे' हा निकष त्यातून रूढ झाला. तो तेथून उचलून व्याधिकथनाला सरसकट लावला की मात्र अडचण होते. दलित आत्मकथनात साक्षीदाराचे तोंड बाहेरून बंद केलेले होते. अनवधानाच्या रुग्णाचे तोंड कोणी बंद केलेले नाही. तो मोकळेपणाने सांगतो आहे, आणि जे सांगतो त्यात घटनाच नाही. दोन मौनांची ही जात वेगळी आहे.

न्यायदर्शनाने प्रत्यक्षासोबत आप्तवाक्यही प्रमाण मानले. आप्त म्हणजे जाणणारा आणि जाणले ते तसेच सांगणारा, विश्वसनीय माणूस. मराठीत हाच शब्द नातलगासाठी वापरला जातो, आणि प्रस्तुत संदर्भात हा अर्थविस्तार फार बोलका आहे. रॉबर्ट मॅक्रम यांना जुलै १९९५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, उजव्या गोलार्धात रक्तस्राव झाला. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. १९९८ साली आलेल्या 'माय इयर ऑफ' मध्ये त्यांनी आपल्या निवेदनात पत्नी सारा लायल यांच्या दैनंदिनीतील नोंदी घातल्या. प्रकाशनव्यवसायात मुरलेल्या संपादकाचे हे पुस्तक शैलीच्या दृष्टीने बोबींच्या जवळपासही जात नाही. ते पसरट आहे आणि मधूनच वृत्तपत्री होते. परंतु त्याच काळाच्या दोन नोंदी शेजारी येतात आणि त्या जुळत नाहीत. तो स्वतःच्या संथपणाविषयी लिहितो, ती त्या संथपणासोबत राहण्याविषयी. रागावर तिचा हक्क आहे हे ती लपवत नाही, आणि तोही तो मजकूर गाळत नाही. ग्रिव्हेने दुसऱ्याचे वाक्य पुरे केले होते. येथे दुसऱ्या व्यक्तीने आपले वाक्य शेजारी लिहिले आहे.

श्रीमती एस. यांच्यापाशी असे कोणी लिहिणारे नव्हते. सॅक्स यांनी त्यांच्यासाठी चित्रफितीचा प्रयोग केला. आरशात चेहऱ्याची डावी बाजू डावीकडेच राहते. चित्रफितीत ती उजवीकडे येते, म्हणजे बाईंना दिसू शकते. न रंगवलेला, संवेदनाही गमावलेला तो आपला अर्धा चेहरा त्यांना प्रथमच समोर दिसला. त्या व्यथित झाल्या आणि ते यंत्र दूर न्यायला सांगितले.